मागचा उजवा

सगळ्यात आधी जमीन.
माझगावात सपाट जमीन मिळत नाही,
भराव घातलेली, सपाटी उधारीची.
पारकरचाचा फरशीवर पाणसळ ठेवतात
आणि झोपलेल्या पोराचा श्वास बघावा तसे
बुडबुड्याकडे बघत राहतात.
डाव्या चाकाखाली कडप्पा सरकव.
वर पत्र्याचा तुकडा. नको, पत्रा काढ.
हां.

मग गाडी.
दोन दारांची, पिस्त्याच्या रंगाची, इंजिन पाठीमागे.
मागचा उजवा खांदा वर उचललेला,
बोटभरही नाही, पण डोळ्यात खुपेल इतका.
ही वाकडी का उभी राहते, खोरशेदबाईंनी विचारलं,
कोणी बसायचं राहिलंय असं वाटतं.

चाचा गप्प.
त्यांनीच ती तशी लावली होती, अठ्ठ्याऐंशी साली,
सीटवर तांदळाच्या तीन गोण्या रचून
वर पाच किलो साखर,
कारण मीनोचरशेट पंच्याण्णव किलोचे होते
आणि ते कोणापासून लपवत नसत.
शेट बसले की गाडी सरळ व्हायची.
फेब्रुवारीपासून ते बसलेले नाहीत.

हिला मागे स्प्रिंग नसते. मी नवा असताना
अर्धा दिवस शोधत होतो.
आडव्या नळीत अंगठ्याएवढी जाड पोलादी दांडी,
तिला पीळ दिलेला,
आणि त्या पिळावर गाडीचा सगळा मागचा भार.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना,
चाचा म्हणाले, इथे सुंभ नाहीच. नुसता पीळ.

आतल्या टोकाला चाळीस दाते,
बाहेरच्या टोकाला चव्वेचाळीस.
आत एक दाता पुढे, बाहेर एक मागे,
उरतो तेवढाच फरक, एक अंशसुद्धा नाही.
चाकापाशी पोचेपर्यंत त्याचे सहा मिलिमीटर होतात.
दोन्हीकडे सारखे दाते असते
तर इतकं बारीक काही बदलताच आलं नसतं.
हे ज्याला सुचलं
त्याच्या घरी कोण कोण होतं, मला नेहमी वाटतं.

आता बाई स्वतः चालवणार.
चाचांनी जमिनीकडे बघत विचारलं, वजन?
बाईंनी पर्स माझ्या हातात दिली
आणि समोरच्या भंगारवाल्याच्या काट्यावर चढल्या,
पितळी नळांच्या ढिगाशेजारी, चपलांसकट.
चपला घालूनच चालवणार ना मी?
सत्तेचाळीस, मी म्हणालो.
सत्तेचाळीस दोनशे, भंगारवाला म्हणाला.
त्याच्या धंद्यात दोनशे ग्रॅम सोडत नाहीत.

दांडी निघेना.
निघाली तेव्हा ग्रीस जुन्या गुळासारखं काळं.
तिच्यावर डावी-उजवी खूण असते:
एका अंगाने पिळलेली दुसऱ्या अंगाला लावायची नाही,
तुटते.
उजवीची उजवीतच परत घातली,
फक्त कोन बदलून.

सीटवर एक गोणी आणि सुटे सतरा किलो.
चाकं जमिनीवर. दाब. सोड. पुढे ढकल, मागे आण,
पुन्हा दाब. गाडीला बसू दे.
मग धुऱ्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप,
आकडे मी खडूने फरशीवर लिहिले, खोडले, लिहिले.
चौथ्यांदा उजवी दोन मिलिमीटर वर आली.
अजून एक पायरी घेतली तर चार खाली.
दोन दात्यांच्या मध्ये थांबता येत नाही, चाचा म्हणाले.
बाई वाकल्या, कडेवरून बोट फिरवलं.
दोन राहू द्या, म्हणाल्या.

तांदूळ काढल्यावर गाडी जरा उठली,
बाई बसल्या, खाली आली.
तांदूळ घरी न्या, चाचांनी सांगितलं,
पण खाताना जपून,
नाहीतर हे सगळं परत उघडावं लागेल.
त्या हसल्या की गियर कुरकुरला, कळलं नाही.
गल्लीच्या तोंडाचा गतिरोधक त्यांनी तिरका घेतला,
सायलेन्सर घासला नाही.

कडप्पा उचलून मी भिंतीला टेकवला.
खडूचे आकडे पुसायला पाणी ओतलं,
ते होतं त्याच उताराने डावीकडे गेलं.