आवाजाला वळण

तान्ह्या पोळ्याला एकोणीस दिवस उरले होते,
एकशे चाळीस लाकडी बैलांची ऑर्डर,
आणि चंद्रकला कोडापे दारात उभी,
डोळे तांबडे, पदराला दवाखान्याचा वास.
"रातभर ड्युटी करून येतो मी
अन् दिवसा तुही मशीन कानात गिरमिट फिरवते.
एक तं ते झोपन, नाई तं मी."

तिचं खरं होतं.
सागावर चोवीस हजार फेऱ्यांनी बिट उतरलं
की गोठ्याची टिनं दात खायची.
बाबांची जोडी जिथं बांधलेली असे,
दावणीचा खड्डा अजून बुजवला नाही,
तिथंच मी सीएनसी मांडलेली.

म्हणून पेटी.
अठरा एमएमचा प्लाय, कोपरे गुण्यात,
दाराला जुन्या फ्रिजच्या रबराची कड,
वीतभर खिडकी अॅक्रेलिकची
आणि भिंतींच्या पोटात भरायला रुई.
ती इकडे मागावी लागत नाही,
वाऱ्यानं येऊन कुंपणाला लागून राहते.

पण डोमाजी कुबडे आडवा आला.
मधल्या भिंतीला टेकून त्याची खाट.
बत्तीस वर्षं हिंगणघाटच्या जिनात,
दोन्ही कान तिथंच ठेवून आलेला.
माझ्या हातातला बोळा ओढून घेतला,
"रुईले एक ठिणगी पुरते. म्या पाह्यलं हाय."
काय पाहिलं ते सांगितलं नाही.
बाही खाली ओढली.

मग दोन प्लायच्या मधे रेती,
नाल्यातली, चाळलेली,
फुटाणेवाल्यासारखी कढईत भाजून वाळवलेली.
चौघांना पेटी उचलेना, सरकवली.
खाली ट्रॅक्टरच्या ट्यूबचे तुकडे.
दार लावलं
आणि मशीन एकदम दुसऱ्या गावी गेली.

बाविसाव्या मिनिटाला
बैलाचं शिंग त्याच्याच डोळ्यात शिरलं.
मोटर तापून पावलं चुकली होती,
स्पिंडलला हात लावला तर चटका.
श्रावणातली ही उकड, आणि मी तिला
गोधडीत गुंडाळून पळायला सांगत होते.

भोक पाड, म्हणाले सगळे. पाडलं.
त्या भोकातून अख्खा आवाज
सरळ चंद्रकलाच्या उशीवर.

रात्री कागदावर रेघा ओढत बसले.
वारा वळतो.
आवाजही वळतो, पण दर वळणाला
थोडा भिंतीला पुसला जातो.
पेटीच्या पाठीला मग दुसरी पेटी,
आत फळ्या आडव्यातिडव्या, उंदराच्या बिळासारखी वाट,
तिला शीतगृहाच्या भंगारातली काचलोकर
(दोन दिवस मनगटं खाजवत होते),
टोकाला कूलरचा लहान पंखा.
पोरासोरांना लावतात तसं
आवाजाला वळण लावलं.

तरी एक बारीक किंचाळी कुठूनतरी.
मला ऐकू येई, सापडेना.
डोमाजीनं दोन्ही तळवे पेटीवर टेकले,
सुईणीसारखे हळूहळू फिरवले,
खालच्या बिजागरीपाशी थांबला.
"अथी."
फट होती, पोस्टकार्डाच्या जाडीची.

शेवटचा बैल आदल्या रात्री निघाला.
चंद्रकला झोपली का, विचारलं नाही मी.
तिच्याकडून डबाभर वडे आले,
त्यावरून काय ते समजले.

डोमाजी मात्र घुश्शात.
"भित्तीतून खाटेत यायची ते," म्हणाला,
"थरथर थरथर, पाठीले लागे.
समजे, पोरगी कामावर हाय.
आता काईच येत नाई."

त्यानंच तर फट दाखवली होती.
हे त्याला कसं ओरडून सांगायचं,
आणि ओरडून तरी काय.

पेटीजवळ एक स्टूल ठेवलंय.
दिवेलागणीला येतो, चप्पल बाहेर काढतो,
झाकणावर तळहात टेकून बसतो.
परवा मशीन बंद होती, बिट बदलत होते.
त्यानं हात लगेच काढला नाही.