कारणाचा रकाना

मासेरूच्या कामगार खात्यात
वरच्या तीन मजल्यांवर कायदा राहतो.
खाली जिन्यामागे, हीटर नसलेल्या खोलीत
आठ ते साडेचार मी राहते,
आणि माझ्यासोबत
टोनर, टाचण्या, शाईचे पॅड,
सव्वीस गाड्यांच्या किल्ल्या.
गाड्या चालतात अकरा.

वरचे मला नावानं हाक मारत नाहीत.
स्टोअर, कागद संपला.
स्टोअर, बल्ब गेला.
स्टोअर, तो नळ कुणी बघणार आहे का?
मी नोंदवही उघडून पुढे सरकवते:
तारीख, वस्तू, नग, कुणाला, कारण, सही.
कारणाच्या रकान्यात सगळेच लिहितात
कार्यालयीन काम.
एकोणीस वर्षांच्या वह्या आहेत,
पानापानावर तेच, वेगवेगळ्या अक्षरांत.

थेत्सानेच्या कापड कारखान्यात
एका बाईच्या बोटातून सुई आरपार गेली,
जीन्सच्या दुहेरी शिवणीसकट.
निरीक्षक गेले, बघून आले, अहवाल टाइप झाला,
आणि प्रिंटरनं ऐन भरपाईच्या ओळीला मान टाकली.
आकडा उमटला तो राखाडी,
उन्हात वाळत घातल्यासारखा.
नवं काडतूस सहा आठवडे येणार नव्हतं.
मी जुनंच बाहेर काढलं, आडवं धरून हलवलं,
ढेकर काढायला बाळाची पाठ थोपटतात तसं थोपटलं.
त्यातून आणखी चाळीस पानं निघाली.
बाईचं बोट त्या चाळिसांत होतं.
हे कुठल्या अहवालात नाही.
नसू दे.

जूनमध्ये न्ताते लेबुसा आले,
सात नंबरची किल्ली परत करायला.
खांद्यावरचं घोंगडं अजून ओलं.
मोखोत्लोंगच्या घाटात बर्फ पडला होता.
निरीक्षकांना पाहुणेघरात पोहोचवून
हे गाडीत झोपले, दोन रात्री,
दर तासाला उठून इंजिन सुरू करत,
डिझेल गोठू नये म्हणून.
धरणाच्या रस्त्यावरच्या मजुरांचे
जादा तास मोजायला गेले होते सगळे.

किल्ली खिळ्याला अडकवली.
तरी गेले नाहीत.
"म्मे, तो फॉर्म असतो ना,
मालकानं तासांचे पैसे दिले नाहीत तर भरायचा?"
असतो, म्हटलं.
"एक द्या."
कुणासाठी?
ते किल्ल्यांच्या फळीकडे बघत राहिले.

तो फॉर्म खालच्या खणात असतो.
मी त्याचे गठ्ठे दोऱ्यानं बांधून
लेरिबेला, काचास नेकला, थाबा-त्सेकाला पाठवले,
किती ते विचारू नका.
वाचला मात्र कधी नव्हता.
पहिला प्रश्न: मालकाचं नाव.
तिथंच आम्ही दोघं थांबलो.
डोक्यावर, पहिल्या मजल्यावर,
कुणाची तरी खुर्ची फरशीवर करकरली.

मला माझे शनिवार आठवले,
साठा मोजण्यात गेलेले. दर तिमाहीला तीन.
रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकताना
सांध्यांतून टाचण्यांचे डबे वाजायचे.
हे मी त्यांना सांगितलं नाही.
वही सरकवली, पेन दिलं.

त्यांनी सावकाश लिहिलं.
नग: एक.
कुणाला: स्वतःला.
कारणाशी पेन थबकलं. घोंगड्याचं पाणी
वहीवर एक थेंब ठिबकलं. मग लिहिलं:
बर्फ.

ते गेल्यावर मी खण पुन्हा ओढला.
दुसरा फॉर्म काढला.
त्याची नोंद केली नाही.

पुढच्या बुधवारी तिसऱ्या मजल्यावरचा शिपाई
हात चोळत खाली आला.
नवं प्रकरण आहे, म्हणाला, फाईलचं कव्हर हवंय.
कारणाच्या रकान्यात त्यानं न बघता लिहिलं
कार्यालयीन काम.
मी स्टुलावर चढून सगळ्यात वरच्या फळीवरचं दिलं,
जाड पुठ्ठ्याचं, कापडी कण्याचं,
वीस वर्षं टिकणारं.