ळ बाळाचा

प्रेसमधून घरी काही आणता येत नाही.
गेटवर खिसे उलटे करून दाखवायचे,
डबा उघडायचा,
एकदा तर पोळीची घडीसुद्धा उलगडून झाली.
दिवसभर डोळ्यांखालून कागद जातो, कोरा, करकरीत,
आणि जुईसाठी एक चिटोरं उचलायची सोय नाही.

म्हणून आमची पाटी म्हणजे
आंघोळीनंतरचा आरसा.
वाफेवर मी बोटाने अ काढतो.
ती म्हणते, याचं पोट दुखतंय.
आणि खरंच, थोड्या वेळाने
अ वाकतो, ओघळतो, बेसिनमध्ये जातो.

रेवती स्वयंपाकघरातून:
"पावणेचार वर्षांची आहे ती.
तुमच्या प्रेसमध्ये भरती नाही व्हायचंय तिला."
फॉर्म आणायला गेलो तेव्हा बाईही म्हणाल्या,
घरी आधी काही शिकवू नका हं,
आम्हाला मग मोडून बसवावं लागतं.
मी मान हलवली.
तेवढ्यात जुई दाराशी उकिडवी बसून,
"च... प... ला. बाबा, चपला!"
पुढचं 'बाहेर काढा' अजून यायचं होतं.
बाईंनी पाहिलं माझ्याकडे.
मी चपलांकडे.

खरी शाळा भरते स्कूटरवर.
ती पुढे उभी, आरशाची दांडी धरून.
दत्तमंदिर, बिटको, पुढे उजवीकडे.
सिग्नल लाल लागला की बरं,
दोन दुकानं जास्त होतात.
'जेलरोड' तिला पहिल्याच आठवड्यात आलं.
'मुक्तिधाम'ला दोन महिने लागले.
"या क ला कापलं कुणी?"
कापलं नाही गं,
त ला बसायला जागा दिली त्याने, सरकून.
तेवढ्यापुरतं चाललं.
स्वतःच्या नावातला ई मात्र
शिकवावाच लागला नाही.
ताटात कारलं पडलं की
तोच तोंडातून येतो, लांबलचक.

भांडण झालं ते ण वरून.
क कमळात पुढे, ग गवतात पुढे,
मग ण बाणाचा कसा?
तो तर मागे उभा आहे.
आणि हा ळ?
"यांचा पहिला नंबर कधीच नाही?"
नाही, म्हटलं. मराठीत तरी नाही.
जेवली नाही नीट. झोपेतही कपाळाला आठी.

सकाळी आरशावर तिने स्वतःच लिहिलं,
बा,
आणि त्याच्या शेजारी ळ,
आडवा व्हायचा तो उभा झालेला, इंग्रजी आठसारखा.
वाचलं. बाळ.
मग तळहाताने ळ पुसला,
आणि उरलेल्याकडे बराच वेळ बघून म्हणाली,
"ळ गेला तर
अर्धाच बाबा उरतो."

दाढीचा साबण गालावर वाळत होता माझ्या.
सिन्नरला मी वडिलांना बा म्हणायचो. अख्ख्या माणसाला.
अक्षरओळख नव्हती त्यांना,
पण विड्या हातात घेतल्या की
न मोजता पंचवीसची जुडी निघायची.
तिला हे सांगितलं नाही.
आरसा कोरडा होत आला होता.

जूनचा पहिला दिवस.
डबा, रुमाल, छातीवर पिन लावलेलं नाव.
रेवती रडली, जुई नाही,
ती फाटकावरचा बोर्ड लावत होती:
"पा... ल... कां... नी...
ये... थे...
थां... बा... वे."
पुन्हा एकदा, सलग.
मग माझं बोट सोडून,
जरा समजावल्यासारखं,
"बाबा, तुला इथेच थांबायचंय. लिहिलंय."

थांबलो.
ती आत गेली, वळली नाही.
वॉचमनने दप्तर उघडलं नाही तिचं,
खिसे पाहिले नाहीत.
एवढा ऐवज घेऊन गेली,
कुणी झडती घेतली नाही.