बिनगाण्याच्या

आर्वीच्या बाजारओळीत
डोमाजी साऊंड सर्व्हिसचं शटर अजून अर्धंच उघडतं.
डोमाजी गेले. भोंगे पंचफुलाबाईने किलोवर मोडले,
तबकड्या तेवढ्या राहिल्या.

"गाण्याची पन्नास, बिनगाण्याची वीस."
बिनगाण्याची म्हणजे कोणती?
"ज्याच्यात कोनी गाऊनच नाही राह्यलं, थे.
जिनिंग चालू असल्यावानी वाजते नुसती.
घेऊन जा, जागा तं मोकळी होईन."

मी लाइनमन. सत्तावीस वर्षं खांबावर.
जिनिंग चालू असल्यावानी, एवढं ऐकूनच
खोक्यापुढे उकिडवा बसलो.

खोकी कुष्ठधामातून आलेली.
तिथे अकरा वर्षं मलमपट्टी केलेली एक परदेशी बाई
जाताना सायकल, दोन सुती लुगडी आणि ही खोकी ठेवून गेली.
सायकल त्याच आठवड्यात खपली.

कव्हरांना वाळवी. अक्षरं अनोळखी,
काहींच्या डोक्यावर दोन-दोन टिंबं.
एका कव्हरावर तर नाव नाही, गाव नाही,
राखाडी चौकोन फक्त.
मी तबकडी उन्हात तिरपी धरतो.
"पाहून समजते का तुले?"
थोडं समजते, बाई.
खाचा पसरल्या की गोंगाट.
दाट, गुळगुळीत, काळ्या पाण्यासारखी चकाकी
म्हणजे तिथं कोणीतरी गप्प बसलंय.

महिन्याला दोन. कधी तीन.
एकीत पेटीच्या पोटात खिळे टाकून कोणीतरी ती वाजवतं.
एकीत कात्री, पाणी, मग पुन्हा कात्री,
आणि शेवटी एक माणूस खोकतो,
तो त्यातलाच की चुकून, कळत नाही.
एकीत मात्र वीस मिनिटं एकच सूर.
चढत नाही, उतरत नाही.

बेबीनंदा तुरीचे खडे वेचत होती.
"बिघडली वाट्टे."
नाही. हा मला ठाऊक आहे.
रोहण्याच्या रस्त्यावरचा डीपी
रात्री दोनला, लोड नसताना, हाच लावून बसतो.
त्याच्यापाशी मी उभा राहायचो तेव्हा
हेल्पर उकंडा दात काढायचा,
"गाभन गाईले कान लावल्यावानी करते बे हा मानूस!"

तर त्या रात्री,
दहाला शेतीची लाइन सुटली.
नाल्यापल्याडच्या सगळ्या मोटरी एकदम उठल्या,
बल्ब हळदीसारखा पिवळा पडला
आणि वीस मिनिटं न हलणारा सूर
खाली बसू लागला,
चिखलात बैल बसतो तसा, आधी पुढचे पाय.

मी उठून बंद करणार होतो. केलं नाही.
सूर इवलासा वर आला. कोणाची तरी मोटर बंद पडली.
"मुरखेंची," मी म्हणालो, "त्यांचा फूटव्हॉल्व्ह गळतो."
पुन्हा खाली. ही गव्हाळेंची, साडेसातची,
घेते तर एकदम घेते.
बेबीनंदाने सूप बाजूला ठेवलं.
"आन आता?"
आता संत्र्यांकडची. ऐक. ही ऐक.
ती ऐकत होती की माझ्याकडे पाहत होती,
विचारलं नाही.

कव्हरावरच्या माणसाने कुठेतरी थंड गावात
खोलीचं दार लावून, श्वास धरून
तो सूर सरळ ठेवला असेल.
त्याला काय सांगू?
बाबा, माफ कर, तुझ्या तबकडीत
माझं अख्खं फीडर वाजतंय.

सांगायला जवळ होती ती पंचफुलाबाई.
पुढच्या बाजाराला तिला सगळं सांगितलं,
मुरखे, गव्हाळे, संत्री, सगळं.
तिने तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं.
"म्हंजे वाजते थे."
वाजते.
"आन तू बायकोसंग बसून आयकते."
हो.
"मंग गाण्याचीच झाली ना थे. तीस रुपये काढ."

दिले.

राखाडी चौकोनाची अजून लावलेली नाही.
तिचा भाव सध्या वीस.