प्रश्न सातवा

मसुदा तिसरा. सत्तावीस प्रश्न, पाच-पाच पर्याय,
आणि समासात माझ्यासाठी मोकळी जागा.
दवाखान्याचा पहिला मजला, चष्म्यांच्या खिडकीशेजारी
टेबल एक, खुर्च्या दोन.
तुमची उत्तरं तपासत नाहीये, मी प्रत्येकाला सांगते,
प्रश्न कळतो का, तेवढंच बघायचंय.

निजामपूरकर काका तांबट आळीतून चालत आलेले.
अठ्ठावन्न वर्षं हातोडी, आता पुतण्या बसतो ऐरणीवर.
काचबिंदू दोन्हीकडे. डाव्याचं ऑपरेशन झालंय.
‘जीवनाची गुणवत्ता’पाशी पहिल्यांदा अडले.
“गुणवत्ता पत्र्याला असते, बाई.
निभतंय का, असं विचारा.”
मी समासात लिहिलं : निभतंय.

रात्री गाडी चालवताना त्रास होतो का?
“सायकल होती. फडके हौदापाशी चोरीला गेली,
एकोणनव्वद साली.”
लागू नाही.

प्रश्न सातवा. गेल्या चार आठवड्यांत
बाजूच्या वस्तू न दिसल्यामुळे किती अडचण आली?
ते कागदाकडे बघत राहिले,
मान तिरकी, कोंबडा बघतो तशी.
आतून कुणीतरी टोकन एकशे बाराला हाका मारत होतं.
“जे दिसलंच नाही
ते दिसलं नाही, हे मला कोण सांगणार?”
मग माझीच दया येऊन म्हणाले,
“थोडी. थोडी लिहा.”

थेंब घालायला विसरता का?
“विसरतोय कुठला! बाटली महिनाभर पुरत नाही,
म्हणून सम तारखेला उजवा, विषम तारखेला डावा.
लक्ष्मी रोडच्या पार्किंगसारखं.”
कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बहुतेक वेळा, नेहमी :
पाचांत कुठेच हे बसेना.
डॉक्टरांना सांगितलंत?
“त्यांनी विचारलं नाही.”

दोन आठवड्यांनी पुन्हा तेच कागद, तीच माणसं.
प्रश्नावली पक्की असेल तर उत्तर हलत नाही,
असं आमच्या मॅडम म्हणतात.
काका बसता बसता कुजबुजले,
“मागच्या वेळी काय सांगितलं होतं मी?
तेच लिहा. तुमचं काम बिघडायला नको.”
मला सांगता येत नाही, काका.

सातव्यावर या वेळी थांबले नाहीत.
“अतिशय.”
पडलात का कुठे?
“छे. तुम्ही विचारून ठेवलंत, मग मोजायला लागलो.
सूनबाई चहा ठेवून जाते, तो मला गार सापडतो.
जिन्यात कुणी म्हणतं, आजोबा, मी इथेच उभी आहे.
परवा हंड्याला मठार द्यायला बसलो हौसेनं,
काठ कुठे संपतो ते बोटांनी शोधावं लागलं.
हे आधीही होतंच.
मी समजायचो, घर वेंधळं झालंय.”

दोन आणि पाच, शेजारी शेजारी.
मॅडम फोनवर : एवढा फरक? हा रुग्ण वगळायचा का?
समासात जागा उरली नव्हती,
मी कागद उलटून मागे लिहायला घेतलं.

“तिसऱ्यांदा बोलावणार?”
नाही, काका. झालं.
“मग ते थेंबांचं तेवढं आत सांगून ठेवा.”
उठले. टेबलाच्या कडेवरून
बोट फिरवत कोपऱ्यापर्यंत गेले,
तिथे थोडं थांबून वळले.

पेन तसंच उघडं ठेवून
मी आतल्या दारावर टकटक केली.