वजनावर

खैरानी रोडला, बॅटऱ्या फोडणाऱ्यांच्या पलीकडे
मुस्तकीमभाईंचं दुकान.
दुकान म्हणजे एक तराजू
आणि त्याच्यामागे जे काही उरलं ते.

कार्यानुभवाला शाळा देते वर्षाचे चारशे,
चौथी ‘ब’मध्ये मुलं एकावन्न.
हा भागाकार मी कधीच करत नाही,
पिशवी घेते आणि निघते.

"मॅडम आ गयी, अब बटन गिनेगी," पोऱ्या हसतो.
मोजते. मोजणारच.
कॉलरच्या आतले पुठ्ठे दीड किलो,
छत्रीच्या काड्या, कॅसेटच्या फिती,
नवरीचं नाव चुकलं म्हणून परत आलेल्या लग्नपत्रिका,
पाठ कोरी, पोटावर सोनेरी गणपती.
"ह्याचे वेगळे नाहीत ना?"
"वो तो ऐसे ही आता है, मॅडम."

मग एक्स-रे, सावल्यांच्या बाहुल्यांसाठी.
चांदी उतरवून घेतलेले,
निळसर, रिकामे, पावसाळी काचेसारखे.
त्यात एक धुवायचा राहिलेला.
कोपऱ्यात: तांडेल स. वि., स्त्री, ४२. छाती.
"इसमें चांदी है. बीस लगेगा."
मी बटणं परत ठेवली.
पंधराला दिला.

बसमध्ये गुंडाळी मांडीवर.
बरं झाल्यावर माणूस फिल्म रद्दीत देतो.
बरं न झाल्यावरही देतो,
फक्त देणारं दुसरं असतं.
साकीनाक्याला बस अडली तेव्हा
मी ती उजव्या हातातून डाव्या हातात घेतली,
उगाच.

ही बाजूला ठेवायची असं ठरवलं होतं.
बुधवारी सम्यकने न विचारता कात्री लावली.
रागवायला तोंड उघडलं
तोवर त्याने मागून बॅटरी धरली
आणि ओल आलेल्या भिंतीवर
एक होडी निघाली.
दोन्ही बाजूंना वल्ही, वाकलेली,
सगळी एकदम पाण्यात घातल्यासारखी.
"बाई, बारा-बारा आहेत!"
बटणं मोजणाऱ्या बाईंची मुलं.

नावाचा कोपराही त्याने फेकला नव्हता,
वर चिकटवला होता, जरा तिरका.
"होडीला नाव लागतं ना."
होडीवर पुढाकार घेतो त्याला काय म्हणतात
ते मला माहीत होतं.
सांगणार होते, तेवढ्यात खिचडी आली.

महिनाअखेर हिशोबाची वही.
पुठ्ठे, काड्या, फिती, पत्रिका.
त्याखाली लिहिलं:
होडी, एक नग, पंधरा रुपये.
पावती नाही.