महिन्याचा पहिला गुरुवार

तळघरात बूट काढायची पद्धत नाही,
तरी डीटलिंड काढते. रूळ हादरतात, म्हणते.

बाहेर सॅक्सनीतला बर्फ. आत टेबलावर जून,
सत्त्याऐंशी पटींनी लहान.

फोल्कमारनं इंजिन आणलंय रुमालात गुंडाळून.
तीन आठवडे नुसती काजळी रंगवत होता.
"डाव्या अंगाला जास्त. त्या खोऱ्यात
वारा उजवीकडूनच यायचा."
एगॉनचा पूल अजून पुठ्ठ्याचाच. पुढच्या वेळी नक्की, म्हणाला.
मागच्या वेळीही म्हणाला होता.

मग डीटलिंडनं काडेपेटी उघडली.
आत कापसावर एक बाई,
अंगठ्याच्या नखाएवढी,
हातात कंदील, पायात दोन रंगांचे मोजे.
"माझं एवढंच झालं. फाटकावरची आई."

लाइन उखडली त्याला चाळीस वर्षं झाली.
चिमट्यानं तिला उभी केली.
डिंक वाळेपर्यंत
कुणी कॉफी ओतली नाही.

गाडी सुटली. बोगदा, वळण, एगॉनचा पुठ्ठा.
फाटकापाशी फोल्कमारनं
नॉब किंचित मागे घेतला.
तिथे वेग कमी करायचा नियम
कधीच नव्हता.

डीटलिंडनं बूट घालायला घेतले होते,
परत खाली ठेवले.